जांघेतली खाज आणि मनातली एड्सची भीती: मालवणच्या एका तरुणाला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा मालवण तालुक्यातला, वय २६, पर्ससीन जाळ्याने मासेमारी करणाऱ्या बोटीवर खलाशी. २५ मे रोजी मुंबईत असताना एका अनोळखी बाईशी संबंध आला, निरोध वापरला नव्हता. चौथ्या दिवसापासून दोन्ही जांघांत खाज सुटली आणि लालसर गोल चट्टे उठले. मेडिकलमधून मलम आणून लावलं. आठ दिवसांत सगळं गेलं. मलम थांबवल्यावर ते दुपटीने परत आलं, आता कमरेवर आणि ढुंगणावरही आहे. त्यातच लिंगाच्या टोकाच्या कडेने बारीक पांढुरक्या पुळ्यांची रांग दिसली. मोबाइलवर फोटो बघून बघून त्याने स्वतःच निदान केलं: एड्स. लग्न ठरलेलं आहे, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा. त्याने लिहिलंय, ‘रात्री झोप नाही. लग्न मोडू का, तेवढंच सांगा.’

लग्न मोडू नका. निदान आज तरी नाही, आणि जे वर्णन तुम्ही केलंय त्याच्या जोरावर तर मुळीच नाही. आज ३ ऑगस्ट, म्हणजे त्या रात्रीला ७० दिवस झाले. तुमच्या शंकेचं बरंचसं उत्तर आज रक्त देऊन मिळेल आणि उरलेलं २३ ऑगस्टला मिळेल. तोवर काय करायचं आणि काय करायचं नाही, ते नीट सांगतो.

मी सिंधुदुर्गात सव्वीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. जांघेत बोट दाखवून ‘डॉक्टरांनु, माका काय तां खरां सांगा’ म्हणणारे तुमच्यासारखे लोक आठवड्याला दोन-तीन तरी येतात. त्यातल्या बहुतेकांना जे झालेलं असतं त्याचा त्या रात्रीशी काही संबंध नसतो. खरोखर ज्यांना संसर्ग झालेला असतो, त्यातले पुष्कळ जण मात्र माझ्याकडे येतच नाहीत, कारण त्यांना काही खाजत नसतं आणि काही दुखत नसतं. एवढी एक गोष्ट लोकांच्या मनात रुजली तर माझं निम्मं काम हलकं होईल. लैंगिक संबंधातून येणाऱ्या आजारांत सगळ्यात जास्त सांभाळायचा तो असा आजार, जो त्रास न देता दिसतो आणि औषध न घेता दिसेनासा होतो.

तुमच्या चट्ट्यांकडे येतो. मधे कमी लाल, कडेला जास्त लाल आणि किंचित उंच, कडेवर कोंडा, घाम आला की जीव नकोसा करणारी खाज, जांघेतून कमरेकडे आणि मागे सरकत जाणारं वर्तुळ. न पाहता शंभर टक्के बोलू नये, पण हा नायटा आहे. गजकर्ण म्हणा, दाद म्हणा, बुरशीचाच आजार. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते. तिला ऊब आणि ओल लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती दोन्ही फुकट मिळतात. दोरीवर चार दिवस घातलेली चड्डी वाळत नाही, तीच दमट अंगावर चढते, वर जीन्स, आणि बोटीवर असाल तर खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे तासन्‌तास अंगावर. चौथ्या दिवशी सुरू झालं म्हणून ते त्या रात्रीचं, असं मन सांगतं. मनाला कारण हवं असतं, आणि अपराधीपणा जवळच उभा असतो. तुम्हाला धास्ती आहे तो एचआयव्ही, आणि मला तपासायचा आहे तो उपदंश म्हणजे सिफिलिस, हे दोन्ही चौथ्या दिवशी कातडीवर येत नाहीत. उपदंशाचा पहिला व्रण १० ते ९० दिवसांत येतो, सर्वसाधारणपणे तिसऱ्या आठवड्यात. एचआयव्हीचा सुरुवातीचा ताप आणि पुरळ येतो तो दोन ते चार आठवड्यांनी, तोही सगळ्यांना नाही. तेव्हा ताप, घसा, मानेतल्या गाठी असं सगळं मिळून असतं, पुरळ छातीवर-पाठीवर पसरट असतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जातो. जांघेत वर्तुळ करून बसणं हे त्याचं लक्षण नाही.

आता ते मलम. ट्यूब फेकली नसेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हा शब्द सापडेल, सोबत एक बुरशीचं औषध, एक-दोन जंतूंची औषधं. आपल्या बाजारात अशी तीन-चार औषधांची खिचडी असलेली मलमं वर्षानुवर्षं हातोहात खपली. त्यातलं क्लोबेटासॉल हे अतिशय जहाल स्टेरॉइड आहे. लाली आणि खाज म्हणजे तुमच्या शरीराने बुरशीशी मांडलेलं भांडण असतं. स्टेरॉइड ते भांडण थांबवतं, बुरशीला हात लावत नाही. म्हणून आठ दिवस स्वर्ग वाटतो. त्या आठ दिवसांत बुरशी निर्धास्त वाढते, आणि मलम थांबलं की दुप्पट होऊन उठते. त्यात वर्तुळाचा आकार बिघडतो, कड पुसट होते, आणि मग डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. महिनोन्‌महिने लावणाऱ्यांच्या जांघांत गरोदर बाईच्या पोटावर असतात तशा रेघा उमटतात, कातडी कागदासारखी होते. त्या रेघा जन्मभर जात नाहीत. २०१८ साली सरकारने अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवर मिळतात. मेडिकलवाल्याला दोष देऊन मी मोकळा होत नाही. तालुक्यात त्वचारोगाचा डॉक्टर नसतो, एसटीने दिवस मोडून यायचं, त्यात जागा अशी की दाखवायची लाज. माणूस काउंटरवर कुजबुजतो आणि ट्यूब घेऊन जातो. पण तुमच्या बाबतीत आजाराचं निम्मं रूप त्या ट्यूबने दिलेलं आहे. ती आजपासून बंद. बंद केल्यावर आठवडाभर खाज वाढेल, तेवढी सोसा.

नायट्याचं औषध पूर्वी सोपं होतं, दोन आठवडे मलम लावलं की काम झालं. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात बुरशीची एक नवी जात पसरली आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. टर्बिनाफिन नावाच्या नेहमीच्या गोळीला ती बऱ्याचदा दाद देत नाही. म्हणून आता इट्राकोनॅझोलच्या गोळ्या चार ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, आणि सोबत साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू असतील, तर हे डॉक्टरला आधी सांगायचं. म्हणून गोळीचं नाव वाचून स्वतः घेऊ नका. चट्टे दिसेनासे झाले की लोक गोळ्या सोडतात आणि महिन्याने परत येतात. डाग गेल्यानंतरही डॉक्टर सांगेल तितके दिवस पुरे करा.

कमरेला करगोटा आहे का? असेल तर कापा. घरातली वडीलधारी रागावतील, त्यांना माझं नाव सांगा. पावसाळाभर ओला राहणारा तो काळा दोरा म्हणजे बुरशीचं बिऱ्हाड आहे. कमरेवरचा नायटा ज्या रेषेत वाढतो ती कितीतरी वेळा करगोट्याचीच रेष असते. चड्डी सैल, सुती. धुऊन वाळली नाही तर तव्यासारखी तापलेली इस्त्री उलट्या बाजूने फिरवा. टॉवेल स्वतःचा वेगळा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही एकदमच औषध हवं, नाहीतर तुमचं बरं होऊन त्यांच्याकडून परत येईल. लिंबू, लसूण ठेचून, रॉकेल, जंतुनाशकाची बाटली थेट ओतणं यातलं काहीही करू नका. लसणाने जांघ भाजून आलेले मी पाहिलेत. त्या रात्रीनंतर घाबरून कडक जंतुनाशकाने रोज घासून घासून लिंगाची साल काढून घेतलेलेही पाहिलेत. मग ती सोललेली लाली पाहून भीती आणखी वाढते, माणूस आणखी घासतो.

टोकाच्या कडेच्या पुळ्यांची रांग. एकसारख्या, मोत्याच्या दाण्यासारख्या, एका-दोन ओळींत गोल फिरणाऱ्या, न दुखणाऱ्या, न वाढणाऱ्या. हा आजारच नाही. कितीतरी पुरुषांना त्या वयात येताना उमटतात आणि आयुष्यभर राहतात. तुम्ही पंचवीस वर्षांत एवढ्या बारकाईने कधी बघितलं नव्हतं, आता टॉर्च लावून बघता आहात. औषध नको, जाळून घेऊ नका, त्यावर काही चोळू नका. लैंगिक संबंधातून येणारे चामखीळ वेगळे दिसतात. ते ओबडधोबड, फुलकोबीसारखे, कुठेही एकेक करून उगवणारे असतात आणि महिन्यांनी वाढत जातात. मी पाहिल्यावर दोन सेकंदांत फरक कळेल. फोटोवरून कळत नाही, म्हणून फोटो पाठवू नका, या.

या भीतीच्या यादीत आपल्या मुलखातल्या आणखी काही गोष्टी बसतात. तुम्हाला त्या लागू नसल्या तरी हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागू असतील.

मार्च ते मे काजूचा हंगाम. ओले गर काढताना हाताला चीक लागतो. बायका राख लावून किंवा खोबरेल तेल चोळून बसतात, पुरुष घाईत विसरतात आणि त्याच हाताने लघवीला जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिंगावर आणि अंडकोशावर फोड, सूज, आग. बिबा उततो तसंच काजू उततो. दोन्ही एकाच कुळातले, आंबाही त्यातलाच, म्हणून आंब्याच्या डिकानेही ओठ आणि हनुवटी उतते. वेंगुर्ल्याकडचा एक बागायतदार बायकोला माहेरी पाठवून माझ्याकडे आला होता. तिच्यावरच संशय होता. हाताच्या बोटांच्या बेचक्यांत तसेच काळपट फोड होते, ते मी त्याला दाखवले, आणि गर कधी सोलले ते विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आजच तिला आणायला जातो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. काही औषधं काही माणसांना कातडीवर ठरावीक जागी डाग उठवतात. गोळी घेतली की काही तासांत तिथेच लाल-जांभळा गोल डाग, कधी फोड, कधी सोललेली जखम. बरं झाल्यावर काळा डाग राहतो. पुन्हा तीच गोळी घेतली की पुन्हा तिथेच. ओठ आणि लिंगाचं टोक या तिच्या आवडत्या जागा. जुलाबावर मिळणारी जोडगोळी, अंगदुखीच्या गोळ्या, सल्फाच्या गोळ्या, आणि आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसच्या बचावासाठी वाटली जाणारी डॉक्सीसायक्लीन, यातल्या कुठल्याही गोळीने हे होऊ शकतं. लेप्टोची गोळी घ्यायलाच हवी, ती जीव वाचवते. पण दर वेळी गोळीनंतर त्याच जागी जखम होत असेल तर तो नवा आजार नाही, ते औषध तुम्हाला चालत नाही एवढाच त्याचा अर्थ. त्याचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. एका शेतकऱ्याने तीन पावसाळे दर वेळी त्या जखमेसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांकडून ‘गुप्तरोगाची’ इंजेक्शनं घेतली होती. तिन्ही वेळा कारण खिशातच होतं.

खरूजही सांगतो. रात्री अंथरुणात शिरलं की सुरू होणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, आणि लिंगावर-अंडकोशावर कडक, खाजऱ्या गाठी. ती शरीराच्या जवळिकीने पसरते, म्हणजे लैंगिक संबंधातूनही, पण घरात एका चादरीखाली झोपणाऱ्या लहान पोरांपासूनच जास्त. पहिल्यांदा होते तेव्हा किडा शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्रभर, सात दिवसांनी पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एकट्याने लावून उपयोग नाही.

मधुमेह असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला लिंगाच्या पुढच्या कातडीला चिरा, पांढरट थर, आग असेल तर ती बहुधा कँडिडा बुरशी असते. अशी माणसं गुप्तरोगाच्या भीतीने येतात आणि साखर तपासायला गेल्यावर कळतं की साखर तीनशेच्या वर आहे. नागीण हा शब्द ऐकून घाबरणारेही खूप. कमरेवर एकाच बाजूला पट्ट्यात उठणारे दुखरे फोड म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा जागा झालेला. डॉक्टरच्या चिठ्ठीवर हर्पिस झोस्टर लिहिलेलं वाचून लोक त्याला जननेंद्रियाचा हर्पिस समजतात. विषाणू वेगळा आहे. तरण्या माणसाला नागीण झाली तर मी एचआयव्हीची तपासणी करायला सांगतो, तेवढाच संबंध.

आता ज्या आजारांसाठी तुम्हाला खरंच तपासायचं आहे ते.

परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया कातडीवर पुरळ म्हणून येत नाहीत. परम्यात दोन ते सात दिवसांत लघवीच्या वाटेने पिवळा पू आणि जळजळ, क्लॅमिडियात एक ते तीन आठवड्यांत पातळ स्राव. तुम्हाला काही नाही असं लिहिलंय. तरी लघवी तपासून घेऊ, कारण क्लॅमिडिया कधी कधी गुपचूप असतो. स्वप्नात वीर्य जाणं किंवा शौचाच्या वेळी चिकट थेंब येणं हा आजार नाही, ती ‘धातू जाण्या’च्या औषधांचा धंदा करणाऱ्यांनी पेरलेली भीती आहे. जननेंद्रियाचा हर्पिस उठला की ओळखता येतो. बारीक पाण्याच्या फोडांचा घोस, फुटून दुखऱ्या जखमा, पहिल्यांदा ताप आणि जांघेत गाठी, दोन ते बारा दिवसांत. तुमचं तसं काही नाही, मग हर्पिसच्या रक्ततपासणीवर पैसे घालू नका. लहानपणी तोंड आलेल्या कितीतरी लोकांची ती पॉझिटिव्ह येते आणि विनाकारण घर हादरतं.

राहिला उपदंश. आपले म्हातारे त्याला गरमी म्हणायचे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तो ‘फिरंग’ नावाने आला आहे, फिरंग्यांबरोबर आलेला रोग म्हणून. पोर्तुगीज १४९८ साली या किनाऱ्याला लागले, त्यानंतरची ही नोंद. तिकडे इटलीतले लोक त्याला फ्रेंच रोग म्हणत होते आणि फ्रेंच लोक नेपल्सचा रोग. प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या अंगणात टाकला. आजही लोक ‘मुंबईची बाई’ म्हणून तेच करतात.

त्याची चाल अशी. ज्या जागेतून जंतू शिरला तिथे एक व्रण येतो. बहुतेक वेळा एकच, स्वच्छ, बोटाला कडक लागणारा, आणि दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत औषधाविना भरून येतो. माणूस म्हणतो, बरं झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी अंगभर पुरळ येतो, गुलाबी-तांबूस, खाज जवळजवळ नाही, तळहात-तळपायांवरही येतो. तोही जातो. मग वर्षानुवर्षं काही नाही, आणि काहींच्या आतमध्ये हृदय, मेंदू, डोळे पोखरले जात असतात. बाईला व्रण पुष्कळदा आत, गर्भाशयाच्या तोंडावर असतो, मग तिला तो कधी दिसतच नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आला होता. छाती-पाठीवर गुलाबी चट्टे, खाज नाही. मी ते पिटिरियासिस रोझिया ठरवलं, हा आपोआप जाणारा निरुपद्रवी आजार आहे आणि दिसतो तसाच. तळहात बघितले होते. दोर ओढून ओढून घट्टे पडलेले हात, कातडी जाड आणि तपकिरी. त्या घट्ट्यांखाली लपलेले तांबूस ठिपके मला दिसले नाहीत, आणि तळपाय मी बघितलेच नाहीत. व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशाची रक्ततपासणी, लिहायचं राहिलं. पुरळ गेला, त्याने मला दुवा दिला. पाच महिन्यांनी त्याची बायको गरोदरपणाच्या तपासणीत व्हीडीआरएल पॉझिटिव्ह निघाली. तिला काहीच त्रास नव्हता. पाचवा महिना होता, पेनिसिलिन वेळेत मिळालं, बाळ तपासून नीट निघालं. नसतं निघालं तर त्याला मी जबाबदार होतो. त्या दिवसापासून खाज नसलेला अंगभर पुरळ घेऊन कुणीही आलं, भटजी असो की शाळामास्तर, मी बूट-मोजे काढायला लावतो आणि रक्त तपासतो. कुणाला राग आला तरी चालेल.

उपदंशाचं औषध अजूनही पेनिसिलिनच. सुरुवातीच्या वर्षाच्या आत बेंझाथीन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन, सहसा निम्मं-निम्मं करून दोन्ही कुल्ल्यांत. दुखतं, पण एका दिवसात काम होतं. ॲलर्जी असेल तर दुसरी औषधं आहेत. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली म्हणजे लगेच उपदंश असंही नाही. गरोदरपण, काही ताप, संधिवातासारखे काही आजार यातही ती फसवी पॉझिटिव्ह येते. म्हणून टीपीएचए ही उपदंशाची दुसरी रक्ततपासणी करून खात्री करतात. एकदा उपदंश होऊन बरा झाला तरी टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तिला घाबरू नये. बरं झालं की नाही ते व्हीडीआरएलचा आकडा उतरतो का त्यावर ठरतं.

एचआयव्हीसाठी आज जा. कुठे ते सांगतो. ओरोसचं जिल्हा रुग्णालय, सावंतवाडी आणि कणकवलीची उपजिल्हा रुग्णालयं, आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही आयसीटीसी असते, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. तपासणी फुकट. आधी समुपदेशक बोलतो, तुमची संमती घेतो, मगच रक्त घेतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने निकाल गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तरीही गावात सगळे सगळ्यांना ओळखतात हे मला माहीत आहे. मालवणात लॅबमधला मुलगा तुमच्या वाडीतला असेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, कुठल्याही केंद्रावर तपासता येतं. विचारायचं असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.

तारखांचा हिशेब असा. प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंड (शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेलं प्रथिन) दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली तपासणी ४५ दिवसांनंतर निर्णायक मानतात. तुमचे ते दिवस ९ जुलैलाच पुरे झाले. केंद्रांवर मात्र बहुधा फक्त प्रतिपिंडं शोधणारे जलद किट असतात, त्यांच्यासाठी ९० दिवस धरायचे. म्हणजे आज निगेटिव्ह आली तर ती मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे, आणि २३ ऑगस्टला पुन्हा निगेटिव्ह आली की विषय संपला. व्हीडीआरएलही आज करा आणि त्या दिवशी पुन्हा करा, उपदंशाचीही नव्वदी त्याच दिवशी भरते. हिपॅटायटिस बी दोन्हींत जोडा, निगेटिव्ह असेल तर लस घ्या. मधल्या वीस दिवसांत रक्तदान नाही, आणि कुणाशीही निरोधाविना संबंध नाही.

दर आठवड्याला नव्या लॅबमध्ये जाऊन तपासणारे लोक मला माहीत आहेत. सात निगेटिव्ह रिपोर्ट फाइलला लावून आठवा करायला जातात. तसं करू नका. दोन तारखा पुरे आहेत. मोबाइलवर फोटो बघणं बंद करा. तिथे सगळ्यात भयंकर फोटो आधी दाखवतात, आणि तुमच्या सावळ्या कातडीवरचा नायटा त्यातल्या कुठल्याच गोऱ्या फोटोसारखा दिसत नाही.

आणि पॉझिटिव्ह आलीच तर? तरीही आयुष्य संपत नाही. एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रातून, गोळ्या फुकट मिळतात, दिवसाला साधारण एक. नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला की तो जोडीदाराला संबंधातून लागत नाही. माझ्याकडे त्वचेसाठी येणाऱ्या अशा एका जोडप्याची दोन्ही मुलं निगेटिव्ह आहेत, मोठी मुलगी यंदा दहावीला आहे. पण तेव्हा मुलीला सांगावं लागेल. लपवून लग्न करू नये, ते मी तुम्हाला करूही देणार नाही. कसं सांगायचं यासाठी समुपदेशक सोबत बसतो. दोन्ही निकाल निगेटिव्ह आले तर २५ मेबद्दल तिला सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. त्यात डॉक्टर म्हणून मला मत नाही. नायटा मात्र तिला जरूर सांगा, तो पूर्ण बरा करूनच लग्नाला उभे राहा, कारण पहिल्याच महिन्यात तो तिला लागेल आणि मग दोष तिच्यावर येईल. असं घडलेलं मी पाहिलंय. नव्या सुनेने ‘माहेरून काहीतरी आणलं’ म्हणून सासरी बोलणी खाल्ली, आणि नायटा नवऱ्याच्या करगोट्याखाली होता.

पुढे कधी असा प्रसंग आलाच, किंवा निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत जिल्हा रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या असतात, जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं. तिसऱ्या दिवसानंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. निरोध वापरणं सोडू नका. तो एचआयव्ही आणि परम्यापासून फार चांगला वाचवतो, हर्पिस, चामखीळ आणि उपदंशापासून मात्र झाकलेल्या जागेपुरताच.

रविवारी बाह्यरुग्ण विभाग आणि माझा दवाखाना दोन्ही बंद. सोमवारी या. चट्ट्यावर दोन दिवस काहीही लावू नका, म्हणजे कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवता येईल. ती तुम्हाला स्वतःलाच बघायला देईन. येताना ट्यूब, आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आयसीटीसीचा कागद आणा. अंगभर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, अंडकोश सुजून दुखणं, मागे ओढलेली कातडी पुढे न येणं, यातलं काही झालं तर सोमवारची वाट न पाहता थेट ओरोसला जा.